अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलमध्ये प्रशिक्षक कसे व्हावे : नव्याने येणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

अमेरिकेत कॉलेजच्या बास्केटबॉल संघाला शिकवणे ही पूर्णवेळ नोकरी आहे, पण तिच्यासाठी ठरावीक अभ्यासक्रम नाही, वकील किंवा डॉक्टरप्रमाणे परवाना लागत नाही आणि भरतीची कोणतीही एक सामायिक परीक्षाही होत नाही. त्यामुळे बाहेरून पाहणाऱ्याला या व्यवसायात शिरायचे कुठून हेच कळत नाही. तिथल्या विद्यापीठात शिकत असलेल्या, किंवा शिकायला जाण्याच्या तयारीत असलेल्या आणि या खेळाची मनापासून ओढ असलेल्या मराठी मुलामुलींसाठी हा लेख आहे. स्वतः मोठा खेळाडू असल्याशिवाय इथे थारा मिळत नाही, ही समजूत प्रथम मनातून काढून टाकावी, कारण खाली ज्यांची उदाहरणे दिली आहेत त्यांतले काही जण स्वतः मोठे खेळाडू नव्हते.

एक मत मात्र सुरुवातीलाच मांडतो. पहिली पाच-सात वर्षे किती नामांकित विद्यापीठात गेली यापेक्षा त्या वर्षांत प्रत्यक्ष किती शिकवायला मिळाले, यावरच या व्यवसायातले पुढचे बहुतेक सगळे ठरते. पुढचा प्रत्येक सल्ला याच विचारातून दिलेला आहे.

आधी रचना समजून घ्यावी

दूरचित्रवाणीवर दिसते ती एनसीएए या कॉलेज-क्रीडा संघटनेची पहिली श्रेणी, म्हणजे डिव्हिजन वन. तिच्यात ३५०हून अधिक विद्यापीठे आहेत. त्यांतले पुरुषांचे ६८ आणि महिलांचे ६८ संघ दरवर्षी मार्च-एप्रिलमध्ये राष्ट्रीय अजिंक्यपदासाठी खेळतात. पण याच संघटनेच्या दुसऱ्या श्रेणीत सुमारे ३०० आणि तिसऱ्या श्रेणीत ४००हून अधिक कॉलेजे आहेत, शिवाय एनएआयए ही लहान कॉलेजांची वेगळी संघटना आणि एनजेसीएए ही दोन वर्षांच्या ज्युनियर कॉलेजांची संघटना आहे. तिसऱ्या श्रेणीत खेळासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही. तिथे प्रशिक्षकाला कमी पगार, छोटा कर्मचारीवर्ग आणि लांबच लांब बसप्रवास पत्करावा लागतो, परंतु पंचविशीतल्या माणसाला संपूर्ण सराव स्वतः चालवायला मिळण्याची शक्यता याच श्रेणीत सर्वांत जास्त असते. नवख्याने नोकऱ्या शोधताना पहिल्या श्रेणीपाशीच थांबणे म्हणजे उपलब्ध जागांपैकी बहुसंख्य जागा न पाहताच सोडून देणे होय.

महिलांच्या संघांकडेही तितक्याच गांभीर्याने पाहावे. शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला मनाई करणारा टायटल नाइन हा कायदा १९७२ साली झाला आणि एनसीएएने महिलांची राष्ट्रीय स्पर्धा १९८२ पासून भरवायला सुरुवात केली. डॉन स्टेली यांच्या साउथ कॅरोलायना संघाने २०१७, २०२२ आणि २०२४ अशी तीन विजेतेपदे मिळवली, आणि त्यांतले तिसरे एकही सामना न हरता मिळवले. प्रशिक्षणकलेच्या दृष्टीने महिलांचा खेळ अभ्यासण्यासारखा असतो, कारण चाली शिस्तीने आणि पूर्णपणे खेळल्या जातात आणि शिकणाऱ्याच्या डोळ्यांना त्या स्पष्ट दिसतात.

भारतात असतानाच करावयाची तयारी

बास्केटबॉलचा जन्म १८९१ साली मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड येथे, वायएमसीएच्या प्रशिक्षण संस्थेत झाला आणि भारतात तो प्रामुख्याने वायएमसीएमार्फतच रुजला. मुंबईतल्या नागपाड्याने तर या खेळाला अब्बास मुंतसिर यांच्यासारखा भारतीय कर्णधार दिला. जवळपास असे एखादे मैदान असेल तर शाळेच्या किंवा क्लबच्या लहान गटाचा एक संघ एक-दोन हंगाम सांभाळावा, गुणलेखकाच्या टेबलावर बसावे, जमल्यास पंचगिरीही करावी. पुढे अमेरिकेत कोणी अनुभव विचारला, तर बारा-तेरा वर्षांच्या मुलांना डाव्या हाताने ले-अप शिकवल्याचे खरे उत्तर कोणत्याही प्रमाणपत्रापेक्षा जास्त उपयोगी पडते.

नियमांतला फरकही आधीच पाठ असावा. आपल्याकडे आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे १० मिनिटांची चार सत्रे आणि २४ सेकंदांचे शॉट क्लॉक, म्हणजे चेंडू हाती आल्यावर शॉट मारण्याची मुदत, असते. अमेरिकन कॉलेजात पुरुषांचा सामना २० मिनिटांच्या दोन अर्धांत, महिलांचा १० मिनिटांच्या चार सत्रांत होतो आणि शॉट क्लॉक दोघांनाही ३० सेकंदांचे असते. पुरुषांच्या खेळात एका अर्धात प्रतिस्पर्धी संघाचे सात फाउल झाले की पहिला फ्री थ्रो पडल्यावरच दुसरा मिळतो आणि दहाव्या फाउलपासून सरळ दोन मिळतात. ही बारीकसारीक माहिती नसेल तर शेवटच्या दोन मिनिटांतले अर्धे निर्णय समजतच नाहीत.

आत शिरण्याच्या जागा

सर्वांत खुला दरवाजा विद्यार्थी-व्यवस्थापकाचा, म्हणजे स्टुडंट मॅनेजरचा आहे. नाव मोठे असले तरी काम हातापायाचे असते : सरावाआधी चेंडू आणि घड्याळे मांडणे, शूटिंग करणाऱ्या खेळाडूला चेंडू परत देत राहणे, घामाने ओली झालेली लाकडी जमीन पुसणे, सरावाचे चित्रण करणे, प्रवासात पिशव्या मोजणे. डस्टी मे इंडियाना विद्यापीठात बॉब नाइट यांच्या हाताखाली असेच विद्यार्थी-व्यवस्थापक होते. अनेक ठिकाणी सहायक म्हणून वर्षे काढल्यावर २०१८ साली त्यांना फ्लोरिडा अटलांटिकचे मुख्य प्रशिक्षकपद मिळाले, २०२३ साली त्यांनी तो संघ अंतिम चारांत नेला आणि २०२४ साली ते मिशिगनला गेले. त्याच इंडियानात त्यांच्या आधी व्यवस्थापक असलेले लॉरेन्स फ्रँक पुढे एनबीएमध्ये मुख्य प्रशिक्षक झाले.

पदव्युत्तर शिक्षणासाठी जाणाऱ्यांना ग्रॅज्युएट असिस्टंट किंवा ग्रॅज्युएट मॅनेजर ही जागा मिळू शकते. अशा जागेत बहुधा शिक्षणशुल्कात सवलत आणि थोडे मानधन असते, म्हणून तिला स्पर्धाही मोठी असते. मुलांसाठी आणखी एक वाट फारशी कोणी सांगत नाही. महिलांचे बरेच संघ सरावात प्रतिस्पर्धी म्हणून पुरुष विद्यार्थ्यांना खेळवतात. अशा सराव-खेळाडूला पुढच्या सामन्यातल्या प्रतिस्पर्ध्याच्या चाली आठवडाभर खेळून दाखवाव्या लागतात, आणि चाली शिकण्याचा इतका चांगला वर्ग दुसरीकडे मिळणे कठीण आहे. त्यासाठी पूर्णवेळ विद्यार्थी असणे आणि विद्यापीठाने पात्रता तपासलेली असणे आवश्यक असते.

वयाने थोडे पुढे गेलेल्यांनी ब्रॅड स्टीव्हन्स यांचे उदाहरण पाहावे. ते तिसऱ्या श्रेणीतल्या डिपॉ विद्यापीठाकडून खेळले, नंतर इलाय लिली या औषधकंपनीत नोकरीला लागले आणि २००० साली ती नोकरी सोडून बटलर विद्यापीठाच्या बास्केटबॉल कार्यालयात विनावेतन काम करू लागले. २००७ साली तेच बटलरचे मुख्य प्रशिक्षक झाले आणि २०१० व २०११ अशी लागोपाठ दोन वर्षे त्यांचा संघ राष्ट्रीय अंतिम सामन्यात खेळला.

अर्ज करताना पत्र मुख्य प्रशिक्षकाऐवजी संघाच्या कामकाजाचा जो संचालक असतो त्याला लिहावे, कारण व्यवस्थापकांची निवड बहुधा तोच करतो. प्रवेश निश्चित झाल्यावर एप्रिल-मेमध्ये पहिले पत्र आणि ऑगस्टमध्ये आवारात पोहोचताच प्रत्यक्ष भेट, हा क्रम योग्य. पत्रात खेळावरच्या प्रेमाचे वर्णन नको. आठवड्यात कोणत्या वेळी मोकळे असता, चित्रफिती कापता येतात का, स्प्रेडशीट कितपत येते, वाहन चालवण्याचा परवाना आहे का, एवढेच लिहावे. संगणकशास्त्र किंवा संख्याशास्त्र शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांना इथे खरा लाभ आहे, कारण लहान कॉलेजांच्या संघांना आकड्यांचे काम करणारा माणूस हवा असतो, पण त्याला पगार देणे परवडत नाही.

व्हिसाचा विचार पहिल्या दिवसापासून

भारतीय नागरिकासाठी या व्यवसायातली सर्वांत मोठी अडचण व्हिसाची आहे आणि ती झाकून ठेवण्यात कोणाचेच हित नाही. एफ-१ या विद्यार्थी-व्हिसावर असताना सत्र चालू असेपर्यंत आवारातले काम आठवड्याला २० तासांपर्यंतच करता येते, आणि संघाचे काम हंगामात सहज त्यापलीकडे जाते. म्हणून जागा स्वीकारण्यापूर्वीच तिचे तास, मानधन आणि स्वरूप आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाकडून लेखी तपासून घ्यावे. मानधन नसलेल्या कामालाही नियम लागू होऊ शकतात. तेव्हा प्रशिक्षकाने तोंडी दिलेल्या आश्वासनावर राहू नये.

पदवीनंतर ओपीटीखाली, म्हणजे विद्यार्थ्यांना शिकलेल्या विषयात काम करण्यासाठी मिळणाऱ्या परवानगीखाली, साधारणपणे १२ महिने काम करता येते. विज्ञान-तंत्रज्ञान शाखांना मिळणारी वाढीव मुदत क्रीडा-व्यवस्थापनाच्या पदवीला सहसा मिळत नाही, त्यामुळे मुख्य पदवी विश्लेषणशास्त्राची घेऊन संघाचे काम जोडीने करणे हा मला शहाणपणाचा मार्ग वाटतो. एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या वार्षिक सोडतीतून विद्यापीठांना सूट आहे, हा या क्षेत्राचा मोठा फायदा. तथापि पदासाठी विशिष्ट विषयातली पदवी आवश्यक आहे हे दाखवावे लागते आणि सहायक प्रशिक्षकाच्या जाहिरातीत बहुधा कोणतीही पदवी चालेल असे लिहिलेले असते. लहान कॉलेजांत प्रशिक्षणासोबत अध्यापन किंवा दुसरे एखादे प्रशासकीय काम जोडलेली पदे असतात, ती या कारणासाठी पाहावीत. सप्टेंबर २०२५ मध्ये देशाबाहेरील व्यक्तींसाठी केल्या जाणाऱ्या नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलर शुल्क जाहीर झाले. नियम एका दिवसात असे बदलतात, म्हणून हा विषय दर सत्रात नव्याने तपासावा.

शिकवायला शिकणे

आता मुख्य भाग. जॉन वूडन यांनी लॉस एंजेलिसमधल्या यूसीएलए या विद्यापीठाला १९६४ ते १९७५ या बारा वर्षांत दहा राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून दिली आणि त्यांतली सात सलग होती. पण त्याआधीचा त्यांचा काळ नवख्याने जास्त लक्ष देऊन पाहावा. त्यांनी अकरा वर्षे हायस्कुलात इंग्रजी शिकवत संघ सांभाळले, दोन वर्षे इंडियाना स्टेटमध्ये काढली, १९४८ साली ते यूसीएलएला आले आणि पहिले विजेतेपद तिथल्या त्यांच्या सोळाव्या हंगामात मिळाले. हंगामाच्या पहिल्याच दिवशी ते खेळाडूंना पायमोजे कसे घालायचे आणि बुटाची नाडी कशी बांधायची हे दाखवत असत, कारण मोज्याला सुरकुती राहिली की फोड येतो आणि फोड आला की खेळाडूचा सराव बुडतो. सरावाची आखणी ते सहायकांसोबत रोज सकाळी करत आणि प्रत्यक्ष सरावाला लागणाऱ्या वेळेइतकाच वेळ तिला देत. मिनिटामिनिटाचा तो क्रम लहानशा कार्डावर लिहिलेला असे, आणि जुन्या वर्षांच्या नोंदी जपून ठेवलेल्या असत.

१९७४-७५च्या हंगामात रोलंड थार्प आणि रोनाल्ड गॅलिमोर या दोन शिक्षणमानसशास्त्रज्ञांनी वूडन यांच्या सरावांना बसून त्यांचे प्रत्येक बोलणे नोंदवले. त्यातला सुमारे तीन-चतुर्थांश भाग शुद्ध माहितीचा होता : पाय कुठे, पास केव्हा, नजर कुणाकडे. नुसते कौतुक आणि नुसती नापसंती यांचा वाटा अगदी थोडा होता. चूक झाली की ते योग्य कृती करून दाखवत, मग खेळाडूने केलेली चुकीची कृती दाखवत आणि पुन्हा योग्य कृती दाखवत, आणि हे सगळे काही सेकंदांत आटोपत असे. नवखा प्रशिक्षक आपल्या सरावाचा आवाज मोबाइलवर नोंदवून घरी ऐकू शकतो. आपल्या किती वाक्यांत खेळाडूला पुढच्या प्रयत्नात उपयोगी पडेल अशी माहिती होती, आणि किती वाक्ये नुसती 'शाब्बास', 'चला, जोर लावा' अशी होती, हे मोजून पाहावे. माझ्या मते स्वतःत सुधारणा करण्याचा याहून स्वस्त आणि खात्रीचा उपाय नाही.

एका कौशल्यावर हे कसे वापरायचे ते पाहू. तीन-गुणांच्या रेषेबाहेर चेंडू मिळालेल्या शूटरकडे बचावपटूने धावत जाण्याला क्लोज-आउट म्हणतात. पहिला अर्धा रस्ता पूर्ण वेगाने धावायचे, शेवटच्या दोन-तीन पावलांत पाऊल आखूड करून कंबर खाली घ्यायची, एक हात शॉटच्या रेषेत वर ठेवायचा आणि शूटरला ज्या बाजूला आपली मदत उभी आहे त्या बाजूनेच जाऊ द्यायचे. हे सांगायला वीस सेकंद लागतात, आणि प्रशिक्षकाने त्याहून जास्त बोलू नये. मग एकदा करून दाखवावे, चेंडूशिवाय करून घ्यावे, नंतर चेंडूसह एकास एक, आणि शेवटी चारास चार बचावाच्या सरावात तेच मिसळावे. एका वेळी एकच चूक दुरुस्त करावी. पाऊल, हात आणि नजर या तिन्हींबद्दल एकदम सांगितले की खेळाडूच्या लक्षात एकही राहत नाही.

दोन तासांच्या सरावाची आखणी करताना नवे शिकवण्याचा भाग पहिल्या चाळीस मिनिटांत, अंग गरम झाल्यावर पण डोके थकण्यापूर्वी ठेवावा. दमवणारे, धावण्याचे भाग मध्ये आणि फ्री थ्रो दोन कष्टाच्या भागांच्या मध्ये टाकावेत, कारण सामन्यातही ते धापा टाकतच मारावे लागतात. एकही भाग पंधरा मिनिटांहून लांबवू नये. नियमानेही वेळ मर्यादित आहे : हंगामात खेळाडूंकडून दिवसाला ४ आणि आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही, आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी द्यावी लागते आणि सामन्याचा दिवस ३ तासांचा धरला जातो. खेळाडूंसोबत चित्रफीत पाहण्याचा वेळही यातच मोजतात. आखणी न करता मैदानात उतरणारा प्रशिक्षक या मर्यादेतला वेळ चाली समजावण्यातच घालवतो.

चित्रफीत आणि आकडे

सहायकाच्या नोकरीत रात्रीचा बराचसा वेळ पुढच्या प्रतिस्पर्ध्याच्या चित्रफिती पाहण्यात जातो. सिनर्जी आणि हडल या संगणक-प्रणाली सर्वत्र वापरल्या जातात. त्या विद्यार्थी असतानाच हाताळायला शिकाव्यात. प्रतिस्पर्ध्याचे शेवटचे चार-पाच सामने पाहून अहवाल करायचा असतो. त्यात त्यांच्या वारंवार येणाऱ्या पाच-सहा चाली, प्रत्येक खेळाडूची आवडती बाजू, बॉल-स्क्रीनला (चेंडूधारकाच्या बचावपटूची वाट सहकाऱ्याने उभे राहून अडवणे) ते कसे उत्तर देतात आणि टाइमआउटनंतर काय खेळतात, एवढे असावे. खेळाडूंच्या हाती जाणारा कागद एका पानाचा आणि चित्रफीत आठ-दहा मिनिटांची असावी. तुम्ही सहा तास पाहिलेत म्हणून त्यांना एक तास दाखवण्याचा मोह टाळावा.

आकड्यांत डीन ओलिव्हर यांनी मांडलेले चार घटक प्रथम शिकावेत : शॉटची परिणामकारकता, टर्नओव्हर (शॉट न मारताच चेंडू गमावणे), आक्रमणातले रिबाउंड (आपला हुकलेला शॉट परत मिळवणे) आणि फ्री थ्रो मिळवण्याचे प्रमाण. समजा, एका संघाने ५८ शॉट मारले, २५ पाडले आणि त्यांतले ८ तीन-गुणी होते. तीन-गुणी शॉटला दीडपट वजन देऊन २५ मध्ये ४ मिळवले की २९ होतात आणि २९ भागिले ५८ म्हणजे परिणामकारकता ५० टक्के येते. त्याच संघाला १० आक्रमक रिबाउंड मिळाले, १४ टर्नओव्हर झाले आणि १६ फ्री थ्रोंपैकी १२ पडले. चेंडूचा ताबा किती वेळा मिळाला हे काढण्यासाठी शॉटमधून आक्रमक रिबाउंड वजा करून टर्नओव्हर मिळवतात आणि फ्री थ्रोंच्या संख्येला ०.४७५ने गुणून तेही मिळवतात. ५८ वजा १०, अधिक १४, अधिक ७.६ म्हणजे जवळपास ७० ताबे झाले. गुणही ७० झाले, म्हणजे दर ताब्याला एक गुण. १४ टर्नओव्हर म्हणजे पाचांतला एक ताबा शॉट न मारताच गेला. ते १० वर आले असते तर चार शॉट जादा मिळाले असते, आणि या संघाचा एक शॉट सरासरीने एक गुण देतो हे पाहता अंतिम फरक साधारण चार गुणांचा पडला असता. चार गुणांनी हरलेल्या संघाच्या प्रशिक्षकाला दुसऱ्या दिवशीच्या सरावात कशावर वेळ द्यायचा हे यातून समजते. अशी मांडणी दर सामन्यानंतर एका पानावर करून देणारा विद्यार्थी-व्यवस्थापक फार दिवस जमीन पुसण्यापुरता राहत नाही.

खेळाडू मिळवणे आणि नियमावली

कॉलेजच्या प्रशिक्षकाला खेळाडूही स्वतःच मिळवावे लागतात. हायस्कुलातल्या मुलांना केव्हा भेटावे, केव्हा नुसते पाहावे आणि केव्हा आवाराबाहेर भेटूच नये याचे वर्षभराचे वेळापत्रक एनसीएए ठरवते. ऑक्टोबर २०१८ मध्ये ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची नोंदयादी, आले, जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि प्रतिमेवर पैसे कमावण्याची मुभा मिळाली आणि जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठे खेळाडूंना उत्पन्नाचा थेट वाटा देऊ लागली. त्यामुळे वसंत ऋतूत अर्धा संघ बदलणे ही आता नेहमीची गोष्ट झाली आहे. २०१९ साली व्हर्जिनियाला विजेतेपद मिळवून देणारे टोनी बेनेट या बदलांशी आपले जुळत नाही असे सांगून ऑक्टोबर २०२४ मध्ये, हंगामाच्या तोंडावर निवृत्त झाले. या क्षेत्रात येणाऱ्याने हे वास्तव आधी मनाशी स्वीकारावे, म्हणजे पुढे कडवटपणा येत नाही.

नियम मोडण्याच्या बाबतीत तडजोड करू नये. सप्टेंबर २०१७ मध्ये लाचखोरीच्या प्रकरणात अमेरिकी संघराज्य सरकारने दहा जणांना अटक केली, आणि त्यांत पहिल्या श्रेणीतल्या विद्यापीठांचे चार सहायक प्रशिक्षक होते. खेळाडू आणण्याचा सर्वाधिक दबाव सहायकांवरच असतो. कोणी शंका येण्याजोगे काम सांगितले तर ते करण्याआधी विद्यापीठाच्या नियमपालन कार्यालयाला विचारावे, आणि उत्तर लेखी घ्यावे.

पुढची नोकरी निवडताना

बहुतेक बदल मार्चच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंत होतात. मुख्य प्रशिक्षक गेला की त्याचे सगळे सहायक एकदम बेकार होऊ शकतात, म्हणून ओळखी एकाच छत्राखाली असू नयेत. पुरुष संघांच्या प्रशिक्षकांची एनएबीसी ही संघटना १९२७ साली स्थापन झाली. तिचे अधिवेशन दरवर्षी अंतिम चारांच्या गावीच भरते, तर महिला संघांच्या प्रशिक्षकांसाठी डब्ल्यूबीसीए आहे. तिथे जावे, व्याख्याने ऐकावीत आणि आपल्याच वयाच्या सहायकांशी ओळख करावी. पंधरा वर्षांनी नेमणुका करणारे लोक त्यांच्यातूनच येणार आहेत. उन्हाळी शिबिरांत काम करणेही असेच फलदायी ठरते, कारण मुलांच्या एका गटाला तुम्ही कसे शिकवता हे तिथे इतर प्रशिक्षक डोळ्यांनी पाहतात.

नामांकित विद्यापीठातले कार्यालयीन काम आणि अनोळखी कॉलेजातले प्रत्यक्ष प्रशिक्षण, अशा दोन जागा एकाच वेळी समोर आल्या तर दुसरी घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन. जॉन बायलाइन कधीच कोणाचे सहायक नव्हते. हायस्कूल, ज्युनियर कॉलेज, मग दोन लहान कॉलेजे असे करत ते पहिल्या श्रेणीत आले आणि मिशिगनला २०१३ व २०१८ साली राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत घेऊन गेले. बो रायन यांनी विस्कॉन्सिन-प्लॅटव्हिलला तिसऱ्या श्रेणीची चार विजेतेपदे मिळवून दिली आणि २०१५ साली विस्कॉन्सिनला राष्ट्रीय अंतिम सामन्यात नेले. पॅट समिट १९७४ साली २२व्या वर्षी टेनेसीच्या मुख्य प्रशिक्षक झाल्या, तेव्हा त्यांना महिन्याला २५० डॉलर मिळत. संघाची गाडी त्या स्वतः चालवत आणि गणवेशही स्वतः धूत. त्यांच्या खात्यावर अखेर १,०९८ विजय आणि आठ राष्ट्रीय विजेतेपदे जमा झाली.

मुख्य प्रशिक्षकपदाची पहिली मुलाखत

ही संधी बहुधा हरणाऱ्या संघाकडूनच येते, कारण जिंकणाऱ्या संघाची जागा सहसा रिकामी होत नाही. माइक शिशेफ्स्की यांचे ड्यूकमधले पहिले तीन हंगाम मिळून ३८ विजय आणि ४७ पराभव असे गेले होते. विद्यापीठाने धीर धरला आणि पुढे त्याच माणसाने पाच विजेतेपदे मिळवली. तेव्हा मुलाखतीत क्रीडासंचालकांना किती वर्षे मिळतील हे स्पष्ट विचारावे आणि करार त्या मुदतीशी जुळतो का ते पाहावे. तीन वर्षांच्या करारात पाच वर्षांच्या योजनेचे वचन देऊ नये.

मग सहायकांच्या पगाराची तरतूद, प्रवासखर्च, शिष्यवृत्त्यांची संख्या, व्यायामशाळा कोणत्या वेळी मिळते आणि महिला व पुरुष संघांत ती वेळ कशी वाटली जाते, हे सर्व आकड्यांत मागावे. मुदतीआधी नोकरी सोडल्यास किंवा काढल्यास कोणी किती भरपाई द्यायची हे कलम सही करण्यापूर्वी वकिलाकडून वाचून घ्यावे. आणि गेल्या पाच वर्षांत संघातल्या किती खेळाडूंनी पदवी पूर्ण केली हेही अवश्य विचारावे. टेनेसीत पात्रतेची सर्व वर्षे खेळलेल्या समिट यांच्या प्रत्येक खेळाडूने पदवी घेतली होती, म्हणून हे अशक्य आहे असे कोणी म्हणू शकत नाही. ज्या कॉलेजला हा आकडा सांगता येत नाही, तिथे खेळाडूंच्या अभ्यासासाठी स्वतंत्र मार्गदर्शक नेमण्याची तरतूद आपल्या करारातच लिहून घ्यावी.